वर्षाला १ डॉलर पगार घेणारा कोच: ‘सर, नोकरी सोडू का?’ या प्रश्नाचं लांबलचक उत्तर



या आठवड्याच्या व्हिडिओत मी अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉल कोचबद्दल बोललो, तर काही जणांना वाटलं असेल की सर आज भरकटले. व्हिडिओला बारा मिनिटांची मर्यादा असते, म्हणून बऱ्याच गोष्टी राहून गेल्या. त्या इथे सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गणित आहे.

आधी हा विषय का घेतला ते सांगतो.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: “सर, नोकरी सोडू का?” ट्रेनिंग सुरू केलं त्या सुरुवातीच्या दिवसांत मी याचं उत्तर एका दमात द्यायचो. “नोकरी सोडल्याशिवाय धंदा होत नाही. दोन दगडांवर पाय ठेवू नका.” टाळ्या पडायच्या. मलाही बरं वाटायचं.

माझ्या दुसऱ्या बॅचमध्ये एक मुलगा होता. एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर, घरी आई-वडील, बायको आणि लहान मुलगी. माझं ते वाक्य त्याने मनावर घेतलं. राजीनामा दिला, वडिलांची एफडी मोडली आणि लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान टाकलं. अकराव्या महिन्यात शटर खाली आलं. त्यानंतर एकदा बसस्टँडवर भेटला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “सर, तुमचं नाही चुकलं, माझं गणित चुकलं.” घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्याचं गणित मी कधी विचारलंच नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मी स्टेजवरून लोकांना उडी मारायला सांगत होतो, पण मी स्वतः उडी मारली नव्हती. बीबीए झाल्यावर मी वडिलांच्या जनरल स्टोअर्सच्या गल्ल्यावर बसलो. पुढे ट्रेनिंग सुरू केलं, तेव्हा पहिली दोन वर्षं हॉलचं भाडं, माईक, बॅनर, प्रवास सगळं दुकानातून जायचं. ट्रेनिंगमधून घरी एक रुपया येत नव्हता आणि तरी घर चालू होतं. म्हणजे माझे दोन्ही पाय दोन दगडांवर होते, आणि त्यामुळेच मी टिकलो.

ही गोष्ट मला नीट समजली ती कॉलेज बेसबॉल कोचची करिअर वाचताना. आता त्याकडे येऊ.

पहिलं: ही शिडी असते कशी?

आपल्याकडे कॉलेजचा क्रीडा विभाग म्हणजे एक पीटीचे सर आणि एक कुलूप लावलेली खोली. अमेरिकेत तसं नाही. तिथे मोठ्या विद्यापीठांत खेळ हा स्वतंत्र विभाग असतो. त्याचं बजेट असतं, स्टेडियम असतं, तिकीटविक्री असते. या सगळ्याचे नियम एनसीएए नावाची संघटना ठरवते. तिच्या सगळ्यात वरच्या गटाला डिव्हिजन वन म्हणतात, आणि त्या गटात बेसबॉलचे सुमारे ३०० संघ आहेत. सीझन फेब्रुवारीत सुरू होतो, जूनमध्ये संपतो. शेवटचे आठ संघ नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात खेळतात. त्या स्पर्धेला कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणतात. ही स्पर्धा १९५० पासून ओमाहातच होते.

आता कोचची शिडी बघा. बहुतेक जण आधी स्वतः कॉलेजसाठी खेळतात. मग कुठेतरी शाळेत कोच होतात, नाहीतर कॉलेजमध्ये अगदी खालच्या पायरीवर लागतात. मग सहायक कोच. सहायकांपैकी एकाकडे खेळाडू शोधून आणण्याचं काम असतं, त्याला रिक्रूटिंग म्हणतात. मग मुख्य कोच. आणि काही मोजके त्याच्याही वर, म्हणजे विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचे प्रमुख, अॅथलेटिक डायरेक्टर.

या शिडीची सगळ्यात खालची पायरी लक्ष देऊन बघा. २०२३ पर्यंत नियम असा होता, की एका बेसबॉल संघाला एक मुख्य कोच, दोन पगारी सहायक आणि एक ‘व्हॉलंटिअर’ सहायक ठेवता येईल. व्हॉलंटिअर म्हणजे विनापगारी. काम मात्र रोजचं. सकाळी मैदान, दुपारी सराव, शनिवार-रविवार सामने. मग हा माणूस जगायचा कसा? उन्हाळ्यात शाळकरी मुलांची शिबिरं घ्यायची, खासगी शिकवण्या घ्यायच्या, बाकी बायकोचा पगार किंवा आई-वडील. जुलै २०२३ पासून ही विनापगारी जागा बंद झाली आणि तिथे पगारी जागा देता येऊ लागली. पण अशा पायरीवर वर्षं काढलेल्या कोचनी कोर्टात दावा लावलाच. त्यांचं म्हणणं होतं, सगळ्या विद्यापीठांनी मिळून आमची मजुरी शून्य ठरवून टाकली. त्या दाव्यात शेवटी तडजोड झाली आणि पैसे मोजावे लागले.

आणखी एक हिशेब करा. ३०० संघ म्हणजे मुख्य कोचच्या ३०० जागा. प्रत्येकाच्या खाली तीन जण, म्हणजे सुमारे ९०० माणसं त्या ३०० जागांकडे बघतायत. आणि वरच्या जागा दरवर्षी थोड्याच रिकाम्या होतात. म्हणजे यातले बरेच जण कधीच मुख्य कोच होणार नाहीत. खाली मी ज्यांच्या गोष्टी सांगणार आहे ते वर पोचलेले आहेत. जे पोचले नाहीत त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत. धंद्याच्या गोष्टी ऐकतानाही हे डोक्यात ठेवा. यशस्वी माणसाची मुलाखत होते, शटर खाली आलेल्याची होत नाही.

दुसरं: रॉड डीडो, ट्रकवाला कोच

रॉड डीडो यांचा जन्म १९१४ चा, न्यू ऑर्लिन्सचा. वाढले लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाकडून, म्हणजे यूएससीकडून खेळले. १९३५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघाकडून त्यांना संधी मिळाली. किती सामने? दोन. पुढे पाठीच्या दुखण्याने खेळणं थांबलं. विशीतच खेळाडू म्हणून करिअर संपलं.

मग त्यांनी काय केलं? त्याच दशकात ५०० डॉलर गुंतवून गाड्यांची दुरुस्ती आणि मालवाहतूक असा धंदा सुरू केला. नाव डार्ट. वाढवत वाढवत त्यांनी तो त्या भागातला चांगला मोठा ट्रकिंगचा धंदा केला.

१९४२ मध्ये यूएससीचे कोच सॅम बॅरी दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले आणि संघ डीडोंच्या हातात आला. १९४६ मध्ये बॅरी परतले. आता नीट ऐका. डीडो रुसले नाहीत, सोडूनही गेले नाहीत. दोघांनी मिळून संघ चालवला. बॅरी बास्केटबॉलचेही कोच होते. त्यांचा तो सीझन संपेपर्यंत बेसबॉलचा संघ डीडो बघायचे. १९४८ मध्ये यूएससीने पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं ते असंच, दोघांच्या नावावर. फायनलला समोर येल विद्यापीठ होतं आणि येलचे कॅप्टन होते जॉर्ज बुश, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले बुश. १९५० मध्ये बॅरी वारले, त्यानंतर डीडो एकटेच मुख्य कोच.

१९८६ ला निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १,३३२ विजय आणि ११ राष्ट्रीय विजेतेपदं होती. त्यातली पाच सलग, १९७० ते १९७४. टॉम सीव्हर, रँडी जॉन्सन, मार्क मॅकग्वायर असे पुढे खूप मोठे झालेले खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले.

आणि पगार? वर्षाला १ डॉलर. नावापुरता. घर ट्रक चालवायचे.

व्यावसायिक संघांकडून त्यांना बोलावणी आली, ती त्यांनी नाकारली. घर, धंदा आणि कॉलेजचं मैदान हे सगळं एकाच शहरात होतं आणि तेच त्यांना हवं होतं. ‘नाही’ म्हणता येणं ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्याने पार्टीच्या दबावाखाली उधारीवर माल दिलाय त्याला विचारा. ज्याच्या घरात दुसऱ्या बाजूने पैसा येतोय तोच ‘नाही’ म्हणू शकतो.

पण इथे एक इशारा. ‘बघा, डीडो फुकट काम करायचे, तुम्हीही पॅशनसाठी फुकट करा’ असा अर्थ कुणी काढू नका. खालच्या पायरीवरचा तो व्हॉलंटिअर कोच आणि डीडो, दोघांचाही पगार जवळपास शून्यच. फरक कुठे आहे? डीडोंच्या मागे ट्रक होते. त्या पोराच्या मागे काही नव्हतं. काम तेच, पगार तोच, पण एकाला मोकळेपणा मिळाला आणि दुसऱ्याला टांगती तलवार.

तिसरं: रॉन फ्रेझर, स्टँड भरणारा कोच

आता मायामीला जाऊ. १९६३ मध्ये रॉन फ्रेझर मायामी विद्यापीठाचे बेसबॉल कोच झाले. त्याआधी ते नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघाला शिकवत होते. मायामीत आले तेव्हा काम अर्धवेळ आणि पगार तुटपुंजा. विद्यापीठाच्या दृष्टीने बेसबॉल म्हणजे खर्चाचं खातं.

फ्रेझर यांनी काय ओळखलं? विद्यापीठ पैसे देईल याची वाट बघत बसलो तर आयुष्य जाईल. म्हणून त्यांनी सामना बघायला येणं हाच एक कार्यक्रम केला. बक्षिसं ठेवली, जाहिराती केल्या, गावातल्या व्यापाऱ्यांना जोडून घेतलं. १९७७ मध्ये तर त्यांनी खेळायच्या मैदानावरच टेबलं मांडून शाही जेवण ठेवलं, एका ताटाला ५,००० डॉलर. हा सगळा निधी संघासाठी. तिथले लोक त्यांना ‘कॉलेज बेसबॉलचा जादूगार’ म्हणायचे ते उगाच नाही.

३० सीझन त्यांनी तिथे काढले, १९९२ पर्यंत. एकाही सीझनमध्ये विजयांपेक्षा पराभव जास्त नाहीत. १९८२ आणि १९८५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद.

धडा काय? फ्रेझर यांच्या नेमणुकीच्या पत्रात ‘कोच’ लिहिलं होतं, ‘तिकिटं खपवणारा’ नाही. पण ज्याला वर जायचंय त्याला आपल्या खात्याचं उत्पन्न कुठून येतं हे कळावंच लागतं. आपल्याकडे किती जण म्हणतात, “सर, माझा माल एक नंबर आहे, पण मार्केटिंग मला जमत नाही.” माझ्या बॅचमध्ये एक ताई होत्या. पुरणपोळी अशी, की खाऊन बघा. पण ऑर्डर मागायची म्हटली की लाजायच्या. त्यांना मी एवढंच सांगितलं, पोळी लाटणं हा अर्धा धंदा, सोसायटीच्या वॉचमनकडे कार्ड ठेवणं हा उरलेला अर्धा. त्यांनी कार्ड ठेवलं, पहिल्या महिन्यात चार ऑर्डर आल्या. चारच. पण त्या चार त्यांनी स्वतः मिळवलेल्या होत्या.

चौथं: स्किप बर्टमन, पंचेचाळिशीत मुख्य झालेला कोच

फ्रेझर यांच्या हाताखाली १९७६ मध्ये एक सहायक आला. स्किप बर्टमन. त्याआधी ते मायामी बीचच्या शाळेत कोच होते, आणि तिथे राज्य विजेतेपदही मिळवलं होतं. म्हणजे शाळेतलं मोठं नाव. तरी वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते दुसऱ्याच्या हाताखाली सहायक म्हणून गेले. आठ सीझन राहिले. १९८२ चं मायामीचं विजेतेपद आलं तेव्हा ते फ्रेझर यांच्या बाजूलाच होते.

या आठ वर्षांत खेळ तर ते शिकलेच, पण रिकामा स्टँड कसा भरायचा हेही त्यांनी जवळून पाहिलं. ही खरी कमाई.

मग लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने, म्हणजे एलएसयूने, त्यांना मुख्य कोच म्हणून घेतलं. पहिला सीझन १९८४, वय पंचेचाळीस. ते राज्य फुटबॉलवेडं. तोवर एलएसयूचा बेसबॉल संघ एकदाही कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला नव्हता. बर्टमन यांनी गावोगावच्या मंडळांत जाऊन भाषणं दिली, सीझनचे पास खपवले, पालकांना आणि लहान मुलांना मैदानावर ओढलं. १९८६ मध्ये संघ पहिल्यांदा ओमाहाला गेला. विजेतेपद मात्र १९९१ मध्ये. म्हणजे आठव्या सीझनला.

त्यानंतर १९९३, १९९६, १९९७ आणि २०००. एकूण पाच. १९९६ ची फायनल अजूनही तिथले लोक सांगतात. समोर होतं मायामी, म्हणजे जिथे बर्टमन घडले तोच संघ. शेवटच्या डावात एलएसयू ८-७ ने मागे, दोन खेळाडू बाद, एक जण तिसऱ्या बेसवर. बॅटिंगला वॉरन मॉरिस. हाताच्या हाडाच्या ऑपरेशनमुळे त्याचे त्या सीझनमधले बरेच सामने हुकले होते. त्याने पहिलाच चेंडू कुंपणापलीकडे मारला. त्या सीझनमधला त्याचा पहिलाच होम रन. ९-८. सामना संपला.

असे क्षण आपल्याला आवडतात. व्हिडिओतही मी तोच आधी दाखवला, कारण तुम्ही बघत राहावं म्हणून. पण धंदा शिकायचा असेल तर तो फटका बाजूला ठेवा आणि वर्षं मोजा. शाळेतली वर्षं, मग ८ सीझन सहायक, मग मुख्य झाल्यावर पहिल्या विजेतेपदासाठी आणखी ८ सीझन. २००१ मध्ये त्यांनी कोचिंग सोडलं आणि त्याच विद्यापीठाचे अॅथलेटिक डायरेक्टर झाले. ज्याने एका खेळाचे स्टँड भरले त्याच्याकडे सगळ्या खेळांच्या चाव्या दिल्या.

पाचवं: आजचं उदाहरण

कुणी म्हणेल, सर, हा सगळा जुना जमाना झाला. मग टोनी विटेलो घ्या. २००३ ते २०१७ अशी पंधरा वर्षं ते सहायक होते, आधी मिसुरी, मग टेक्सस ख्रिश्चन, मग अर्कान्सा. तीन विद्यापीठं. त्यांची खरी ताकद रिक्रूटिंग, म्हणजे चांगला खेळाडू इतरांच्या आधी ओळखणं आणि त्याच्या आई-वडिलांचा विश्वास मिळवणं. दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर खरेदी. काउंटरवर गोड बोलून माल खपतो, पण नफा होलसेलरच्या गोडाऊनमध्ये ठरतो. विटेलो पंधरा वर्षं खरेदी शिकले.

२०१८ च्या सीझनपासून ते टेनेसीचे मुख्य कोच झाले. २०२४ मध्ये टेनेसीला बेसबॉलमधलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाने त्यांना मॅनेजर नेमलं. कॉलेजमधून थेट त्या खुर्चीवर. व्यावसायिक संघात खेळाडू किंवा कोच म्हणून काहीच अनुभव नसताना. बातमीत ‘थेट’ हा शब्द होता. त्या ‘थेट’च्या मागे बावीस वर्षं होती.

आता आपलं गणित

चौघांच्या गोष्टी वेगळ्या, पण चौघांनीही एका प्रश्नाचं उत्तर शोधलेलं होतं: मी शिकत असताना माझा खर्च कोण उचलतोय? डीडोंचा खर्च ट्रकने उचलला. फ्रेझर यांनी तिकिटं आणि देणग्यांतून पैसा उभा केला. बर्टमन आणि विटेलो दुसऱ्याच्या संघात राहून शिकले, जोखीम मुख्य कोचची आणि शिक्षण यांचं.

म्हणून “नोकरी सोडू का?” हा प्रश्नच बदला. विचारायचं असं: “माझ्या शिकण्याच्या काळाचा खर्च कोण उचलणार, आणि किती महिने?”

एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा तुमचा घरखर्च महिन्याला २२,००० आहे आणि कर्जाचा हप्ता ६,०००. झाले २८,०००. दुकानाचं भाडं ९,०००, लाइट बिल २,०००, एक मदतनीस ८,०००. झाले १९,०००. एकूण ४७,००० रुपये दर महिन्याला दुकानाने दिले पाहिजेत, तेव्हा तुम्ही ‘ना नफा ना तोटा’वर असाल.

तुमचं मार्जिन २० टक्के असेल, तर ४७,००० सुटायला २,३५,००० रुपयांची विक्री लागेल. महिन्याला २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज साधारण ९,००० रुपये. एक गिऱ्हाईक सरासरी १५० रुपयांचा माल नेत असेल तर रोज ६० गिऱ्हाईकं.

आता डोळे मिटा आणि ज्या गाळ्याचं डिपॉझिट तुम्ही देणार आहात त्याच्यासमोर उभे राहा. पहिल्या महिन्यात तिथे रोज ६० जण येतील का? नाही येणार. समजा २० येतील. मग ३,००० ची विक्री, ६०० रुपये मार्जिन, महिन्याला १५,६००. खड्डा ३१,४०० रुपयांचा, दर महिन्याला. गिऱ्हाईक जमायला दहा महिने लागले आणि खड्डा हळूहळू भरत गेला असं धरलं, तरी सरासरी निम्म्याने दीड लाखाच्या वर पैसे फक्त वाट बघण्यात जातात. माल आणि फर्निचरचे वेगळे.

बसस्टँडवर भेटलेल्या त्या मुलाने एफडी मोडून सगळे पैसे माल आणि फर्निचरमध्ये घातले होते. वाट बघायला त्याने एक रुपया ठेवला नव्हता. दुकान वाईट नव्हतं. जागाही बरी होती. कदाचित अठराव्या महिन्यात ते उभं राहिलं असतं. पण त्याच्याकडे अकराच महिने होते. हे गणित मी त्याला राजीनाम्याच्या आधी अर्ध्या तासात करून दाखवू शकलो असतो. बीबीएला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी त्याऐवजी टाळ्यांचं वाक्य दिलं.

म्हणून आता माझ्या बॅचमध्ये तीन रस्ते सांगतो.

ट्रकचा रस्ता. नोकरी किंवा घरचा चालता धंदा सुरू ठेवा, नवीन काम संध्याकाळी आणि रविवारी. अट एकच, दोन्हीचे गल्ले आणि वह्या वेगळ्या ठेवा. नाहीतर कोण कुणाला पोसतंय हे कळत नाही. माझ्या ट्रेनिंगची पहिली वही मी दुकानाच्या वहीतच लिहायचो. दोन वर्षं किती घातले हे आजही मला नक्की सांगता येत नाही.

सहायकाचा रस्ता. ज्या धंद्यात जायचंय त्याच धंद्यात कुणाच्या तरी हाताखाली लागा. पगार कमी असेल तरी चालेल, शून्य नको. आणि तारीख ठरवा. दीड वर्ष, दोन वर्षं. खरेदी कुठून होते, उधारी किती दिवसांची, पडून राहिलेल्या मालाचं काय करतात, हे तीन प्रश्न सुटले की बाहेर पडा. तारीख न ठरवता कमी पगारात राबणं म्हणजे त्या व्हॉलंटिअर कोचचीच गत.

उडीचा रस्ता. हाही रस्ता आहे, मी नाही म्हणत नाही. पण उडी मारायच्या आधी घरखर्चाचे किमान बारा महिन्यांचे पैसे बाजूला पाहिजेत, आणि ते दुकानाच्या भांडवलात धरायचे नाहीत. घरातल्यांना तो आकडा माहीत पाहिजे. बायकोला किंवा नवऱ्याला, आई-वडिलांना बसवून सांगा. ज्यांची एफडी मोडणार आहे त्यांना हिशेब कळायलाच हवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. महिन्याचा घरखर्च लिहा. अंदाजे नको, मागच्या तीन महिन्यांचा प्रत्यक्ष.
२. वरच्या पद्धतीने रोजची गिऱ्हाईकं काढा.
३. जिथे दुकान टाकायचंय तिथे एक सोमवार आणि एक शनिवार दिवसभर बसा. शेजारच्या दुकानात किती माणसं शिरतात ते मोजा.
४. तुमचा ‘ट्रक’ कोणता ते एका ओळीत लिहा. नसेल तर ‘नाही’ असं लिहा. खोटं लिहू नका.
५. तीनपैकी कोणता रस्ता, आणि त्याची शेवटची तारीख.

हे पाच कागदावर आले की मग मला विचारा, “सर, नोकरी सोडू का?” तेव्हा मी नक्की उत्तर देईन. बहुतेक वेळा तोवर तुमचं उत्तर तुम्हालाच मिळालेलं असतं.

तो मुलगा सध्या परत नोकरी करतोय. मध्ये त्याचा फोन आला होता. या वेळी शनिवार-रविवार आठवडी बाजारात टेबल लावतो, लहान मुलांचे कपडेच. पहिल्यांदा मी त्याला आकडे विचारले. त्याने सगळे तोंडपाठ सांगितले.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय: उधारीची वही कशी लिहायची. तोवर गृहपाठ करा.